लघवीचा रंग काय सांगतो ?

(भोईवाडा, परळ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून लघवी या विषयावर बोलायचे, म्हणजे मागच्या रांगेतील मुलांना हसू येणार हे मी धरूनच आलो आहे. मुलांनी हसावे, परंतु ऐकावेही. कारण या विषयावर घरात कोणी बोलत नाही. ताप आला की आपण मुलाच्या कपाळाला हात लावतो, खोकला झाला की रात्री उठून पाणी देतो. पण मुलाची लघवी दोन दिवस काळपट होत असली तर ते आपल्याला कळत नाही. मुलगा सांगत नाही, मुलगी तर त्याहून सांगत नाही. आपल्या या भागातील जुन्या चाळींत संडास सामाईक असतात आणि तेथे उजेड बेताचा असतो. अशा ठिकाणी रंग दिसणार तरी कसा ? म्हणूनच आज या लाजेच्या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचे मी ठरविले आहे.

आजचा विषय आहे लघवीतून हिमोग्लोबिन जाणे. वैद्यकशास्त्रात याला हिमोग्लोबिन्युरिया म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट समजण्यास कठीण नाही.

आपले रक्त तांबडे दिसते ते त्यातील तांबड्या पेशींमुळे, आणि या पेशी तांबड्या असतात त्या त्यांच्या पोटातील हिमोग्लोबिन या द्रव्यामुळे. हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवते. एका तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हातारी झालेली पेशी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, आणि यकृतात शांतपणे मोडीत काढली जाते. तिच्यातील लोह शरीर फुकट घालवीत नाही. ते नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी अशा जातात व तितक्याच नव्या येतात. हा व्यवहार इतका चोख असतो की लघवीत त्याचा मागमूसही लागत नाही.

काही कारणाने मात्र या पेशी वेळेआधीच आणि रक्तवाहिनीच्या आतच फुटू लागतात. तेव्हा हिमोग्लोबिन मोकळे होऊन रक्तद्रवात उतरते. असे मोकळे हिमोग्लोबिन शरीराला घातक असते, म्हणून त्याला उचलून यकृताकडे नेण्यासाठी रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचे एक प्रथिन सतत हजर असते. आपल्या वस्तीच्या नावातच भोई आहेत. पूर्वी भोई पालखी वाहत. हॅप्टोग्लोबिन हेही रक्तातील भोईच समजा. एकदोन पालख्या असतील तोवर भोई पुरतात. परंतु एकाच वेळी हजारो पालख्या रस्त्यावर आल्या तर भोई कमी पडणारच. मग वाहून न नेलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटते आणि लघवीत उतरते. लघवीचा रंग प्रथम गुलाबी, मग तांबूस, आणि जास्त प्रमाण झाले की कोऱ्या चहासारखा किंवा कोकमाच्या आगळासारखा गडद होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिमोग्लोबिन्युरिया हे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण होय. धूर दिसला तर आपण धुराला दोष देत नाही, आग कोठे लागली ते पाहतो. लघवीचा गडद रंग हा तसाच धूर आहे. आग रक्तात लागलेली असते.

आता कोणी विचारील, लघवी लाल झाली म्हणजे दर वेळी हेच समजायचे काय ? मुळीच नाही. अंगात रक्त वाढावे म्हणून आपण मुलांना बीट खाऊ घालतो, त्यानेही काहींची लघवी लालसर होते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध घेणाऱ्यांची लघवी नारिंगी होते. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय जवळच असल्यामुळे आपल्या भागात हे औषध घेणारी माणसे पुष्कळ भेटतात. हा रंग औषधाचा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही आणि त्यासाठी औषध तर मुळीच बंद करू नये. कावीळ झाली की लघवी गर्द पिवळी होते. मुतखडा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असेल तर लघवीतून खरेखुरे रक्त, म्हणजे अख्ख्या तांबड्या पेशीच जातात.

अख्ख्या पेशी जाणे आणि फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन जाणे यांत मोठा फरक आहे, आणि तो ओळखण्याची युक्ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी आहे. लघवी परीक्षानळीत घालून ती यंत्रात गरगर फिरवतात. अख्ख्या पेशी असतील तर त्या तळाशी बसतात आणि वरचे पाणी स्वच्छ होते. हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळलेले असल्यामुळे सगळी नळी वरपासून खालपर्यंत तांबडीच राहते. लघवीत बुडवायची रंगपट्टी दोन्ही प्रकारांत रक्त आहे असेच दाखवते. म्हणून पट्टीने होय म्हटले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी दिसली नाही, तर डॉक्टर सावध होतात. पेशी नाहीत आणि रंग मात्र आहे, तेव्हा पेशी कोठेतरी आतच फुटत आहेत असा संशय घ्यावा लागतो.

पट्टीला फसवणारे आणखी एक द्रव्य आहे. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य असते. स्नायूंवर अतोनात ताण पडला की ते सुटून लघवीत येते आणि लघवी अशीच काळपट होते. अशा वेळी रुग्णाचा रक्तद्रव तपासतात. हिमोग्लोबिन असेल तर तो गुलाबी दिसतो, मायोग्लोबिन असेल तर नेहमीसारखा फिकट पिवळसर राहतो. येथे मला शिक्षकांशी व घरातील वडीलधाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. सवय नसलेल्या मुलाला शे-दोनशे उठाबशा काढायला लावल्या, तर मांड्यांच्या स्नायूंना इजा होऊन नेमके हेच घडू शकते आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वैद्यकीय ग्रंथांत अशा नोंदी आहेत. ही शिक्षा काही ठिकाणी अजून दिली जाते. ती साधी समजू नये, आणि देऊही नये. शिक्षेने किंवा व्यायामाने मुलाच्या मांड्या दुखत असतील आणि लघवी काळपट झाली असेल, तर तेल चोळत बसू नये; थेट रुग्णालय गाठावे.

कठीण रस्त्यावर लांबवर धावल्याने किंवा कूच केल्याने हिमोग्लोबिनही लघवीत येऊ शकते. १८८१ साली जर्मनीत एका सैनिकाच्या बाबतीत हे प्रथम नोंदले गेले. पायाचा तळवा जमिनीवर पुन्हा पुन्हा आदळल्याने तळव्यातील रक्तवाहिन्यांतल्या पेशी चिरडतात. विश्रांती घेतली की हे बहुधा एकदोन दिवसांत थांबते. खेळाडू मुलांनी हे जाणून असावे. तरी ते धावण्यामुळेच झाले आहे हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे.

आता मुख्य कारणाकडे वळतो. आपल्या देशात मुलांच्या व तरुणांच्या बाबतीत हिमोग्लोबिन्युरियाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. तांबड्या पेशीला रोज अनेक रासायनिक आघात सोसावे लागतात, आणि हा विकर तिचे कवच शाबूत ठेवण्यास मदत करतो. काही माणसांत तो जन्मतःच कमी असतो. जगात अशी माणसे सुमारे चाळीस कोटी असावीत असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. आपल्यात असे काही आहे हे त्यांना ठाऊकही नसते. मात्र काही विशिष्ट औषधे पोटात गेली की त्यांच्या पेशी धडाधड फुटू लागतात. औषध घेतल्यापासून एक ते तीन दिवसांत लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसू लागतात, चेहरा पांढरा पडतो, दम लागतो, कंबर दुखते.

या औषधांत पहिले नाव घ्यावे लागेल ते प्रायमाक्विनचे, आणि त्यासाठी मलेरियाविषयी थोडे सांगणे भाग आहे. मुंबई आणि मलेरिया यांचा संबंध जुना आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाच्या कारणांची चौकशी करून अहवाल दिला. शहरातील विहिरी, हौद आणि टाक्या यांत वाढणारा डास हे रोगाचे मूळ असल्याचे त्यांनी दाखविले. या डासाला ॲनॉफिलीस स्टीफेन्सी म्हणतात, आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत व बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात तो आजही वाढतो. याच बेंटली यांनी त्याआधी क्रिस्टोफर्स यांच्यासमवेत बंगालच्या उत्तरेकडील दुआर भागातील चहामळ्यांत काळ्या पाण्याच्या तापाचा अभ्यास केला होता व त्याचा अहवाल १९०८ साली प्रसिद्ध झाला. काळ्या पाण्याचा ताप म्हणजे मलेरियाच्या रुग्णाला होणारा तीव्र हिमोग्लोबिन्युरियाच होय. मलेरियाने पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या आणि मध्येच अर्धवट क्विनाईन घेणाऱ्या माणसांना तो जडे. लघवी काळी होई, मग बंद पडे, आणि कित्येकजण दगावत.

क्विनाईनचा तो काळ गेला, नवी औषधे आली. आपल्याकडच्या व्हायव्हॅक्स मलेरियात जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. औषध उत्तम आहे. परंतु ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी कमी आहे त्याच्या पेशी या औषधाने फुटतात. असे का होते, याचे कोडे अमेरिकेतील संशोधकांनी १९५६ साली उलगडले. औषध तेच, मात्रा तीच. पण एका माणसाला काही होत नाही आणि दुसऱ्याच्या पेशी फुटतात, याचे कारण या विकराची कमतरता हे तेव्हा कळले.

आता पाहा, घरोघरी काय घडते. एका भावाला मलेरिया झाला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तो बरा झाला, चार गोळ्या उरल्या. सहा महिन्यांनी दुसऱ्याला ताप येतो. आई म्हणते, 'त्याच गोळ्या आहेत, घे.' या चार गोळ्यांत केवढा धोका असू शकतो हे आता आपल्या लक्षात आले असेल. डॉक्टर प्रायमाक्विन देताना वय पाहतात, स्त्री गर्भवती आहे काय ते विचारतात, जी-सिक्स-पीडीची तपासणी करवितात. कमतरता निघाली तर काही रुग्णांना आठवड्यातून एकदा अशा रीतीने आठ आठवडे, देखरेखीखाली, तेच औषध देता येते. म्हणजे मार्ग आहे. पण तो डॉक्टरांनी काढायचा आहे, घरातील डब्याने नव्हे. त्याचप्रमाणे या भीतीपोटी डॉक्टरांनी तपासून दिलेले प्रायमाक्विन मध्येच सोडणेही चुकीचे आहे, कारण मग मलेरिया परत येतो.

कुष्ठरोगात व त्वचेच्या इतर काही रोगांत दिले जाणारे डॅप्सोन, काही सल्फा औषधे, मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाणारे नायट्रोफ्युरंटॉइन, कर्करोगाच्या उपचारात वापरले जाणारे रासबुरिकेज, हीही या माणसांना बाधू शकतात. औषधांशिवाय घरातील तीन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे डांबरगोळी. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले लोकरीचे कपडे व दुपटी तशीच बाहेर काढून तान्ह्या बाळाला गुंडाळली, तर नॅफ्थलीन अंगात भिनून विकर कमी असलेल्या बाळाच्या पेशी फुटू शकतात. असे कपडे धुऊन, कडक उन्हात दोनचार दिवस वाळवून मगच वापरावेत, आणि डांबरगोळी मुलांच्या हाती लागू देऊ नये. दुसरी गोष्ट मेंदी. ईदेला, लग्नकार्यात मोठ्यांच्या हाताला मेंदी लागते आणि कौतुकाने बाळाच्या तळहातालाही लावली जाते. विकर कमी असलेल्या तान्ह्या मुलांना मेंदीने गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या माणसांनी हौस जरूर करावी. बाळाला मात्र मेंदी नको.

तिसरी गोष्ट खाण्याची. बाकला नावाच्या शेंगेतील दाणे या माणसांना बाधतात आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हा त्रास फार जुना आहे. आपल्याकडचा वाल किंवा पावटा ही निराळी वनस्पती आहे. डाळिंब्यांची उसळ खायला हरकत नाही. पण आपल्यातील अनेक घरांतील माणसे आखाती देशांत नोकरीला असतात. तेथे न्याहारीला 'फूल' नावाचा पदार्थ सर्रास मिळतो, तो याच बाकल्याचा असतो. विकर कमी असल्याचे ज्याला ठाऊक आहे त्याने तो टाळावा.

ही कमतरता आपल्याच प्रांतात आहे काय, अशी शंका येईल. आहे. मुंबईतील लोकांत ती आढळते हे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि पारशी समाजात तिचे प्रमाण बरेच असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा प्रकार सापडला. त्याला जी-सिक्स-पीडी कल्याण असे नाव मिळाले. आपल्या शेजारच्या कल्याणचे नाव असे जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. पुढे १९९२ साली असे दिसून आले की केरळात आढळलेला प्रकार आणि हा कल्याणचा प्रकार, दोन्हींच्या मुळाशी जनुकातील एकच बदल आहे. पारशी, कोळी, केरळी. रक्त धर्म विचारीत नाही, जात विचारीत नाही आणि प्रांतही विचारीत नाही.

याच संदर्भात चुकीच्या रक्ताविषयीही बोलले पाहिजे. न जुळणारे रक्त दिले गेले तर दिलेल्या पेशी रुग्णाच्या अंगात फुटतात. थंडी वाजून ताप भरतो, कंबर दुखते आणि लघवी लाल होते. यातील एक मोठा शोध आपल्या परळमध्येच लागला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय येथील डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. या माणसांचे रक्त साध्या तपासणीत 'ओ' गटाचे वाटे, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. त्यांच्या पेशींवर एच हे मूळ द्रव्यच नसते आणि रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. त्यांना 'ओ' रक्त दिले तर त्याच्या पेशी फुटतील. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचे रक्त चालते. या गटाला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात, आणि शहराचे नाव बदलले तरी रक्ताचे नाव तेच राहिले आहे. आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक असतो असे सांगतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी ते रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्यास जो वेळ लागतो त्यासाठी रक्तपेढीत तक्रार करू नये. तो वेळ आपल्याच माणसाच्या जिवासाठी खर्ची पडत असतो.

आणखी एक विरळा आजार असा आहे की त्यात सकाळची पहिली लघवी विशेष गडद असते व दिवसा फिकट होते. तो जन्मजात नसतो. मोठेपणी हाडातील मगजाच्या पेशीत बदल होऊन उद्भवतो. पूर्वी त्यावर नेमका इलाज नव्हता. २००७ सालापासून औषधे निघाली आहेत, मात्र ती फार महाग आहेत. हे सांगण्याचा हेतू इतकाच की सकाळची लघवी वारंवार गडद होत असेल तर 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचे सरबत पीत महिनोन्‌महिने काढू नयेत.

आता पालकांनी काय करावे ? लघवीचा रंग संशयास्पद वाटला तर ती स्वच्छ, पारदर्शक बाटलीत किंवा पांढऱ्या कपात धरून उजेडात पाहावी. गडद असेल तर तीच बाटली घेऊन रुग्णालयात जावे, कारण पुढची लघवी फिकट असू शकते आणि डॉक्टरांना रंग दिसणारच नाही. गेल्या तीन-चार दिवसांत जी औषधे घेतली त्यांची रिकामी पाकिटेही बरोबर न्यावीत. हकिमांची, वैद्यांची किंवा शेजाऱ्यांनी दिलेली पुडी असली तर तीही लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून पुडी लपविणारी माणसे मी पाहिली आहेत. डॉक्टरांचा राग पाच मिनिटांचा असतो. मूत्रपिंडाचे नुकसान आयुष्यभर पुरते. मूल पांढरेफटक दिसू लागले, धाप लागली, डोळे पिवळे झाले, लघवी कमी होऊ लागली किंवा थांबली, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. आपण तर भाग्यवान आहोत. केईएम, मुलांसाठी वाडिया रुग्णालय, ही सारी येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

तपासणीविषयी एक बारकावा सांगून ठेवतो. जी-सिक्स-पीडीची तपासणी थोड्याशा रक्तावर होते. परंतु ऐन झटक्याच्या वेळी ती केली तर अहवाल कधी कधी चांगला येतो. कारण विकर कमी असलेल्या जुन्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि शिल्लक राहिलेल्या तरुण पेशींत विकर पुरेसा असतो. म्हणून डॉक्टरांनी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा या असे सांगितले तर जरूर जावे. 'एकदा तपासले, काही निघाले नाही,' म्हणून घरी बसू नये.

कमतरता निघाली तर एक छोटे कार्ड करावे. त्यावर मुलाचे नाव, रक्तगट, 'जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे' हे वाक्य आणि टाळावयाच्या औषधांची यादी असावी. एक प्रत शाळेत द्यावी, एक मुलाच्या खिशात असावी. प्रत्येक नव्या डॉक्टरला ते प्रथम दाखवावे. एवढे सांभाळले की असे मूल खेळू शकते, शिकू शकते, नोकरी-धंदा करू शकते, संसार करू शकते. त्याला अशक्त समजून वेगळे पाडण्याचे काहीच कारण नाही.

शेवटचा मुद्दा अधिक नाजूक आहे. हा दोष एक्स या गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स गुणसूत्र मिळते ते आईकडून. म्हणून मुलात दोष निघाला की तो आईकडून आला असे डॉक्टर सांगतात, आणि काही घरांत तेथूनच त्या बाईच्या हालांना सुरुवात होते. 'तुझ्या माहेरचे रक्तच वाईट,' असे ऐकवले जाते. बंधूंनो, हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. त्या आईला हे गुणसूत्र तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळाले, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. कोणी ते मागून घेतले नाही आणि कोणी हातचे राखूनही ठेवले नाही. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि प्रत्येक मुलीला तो पुढे नेण्याची शक्यताही निम्मी असते. वडिलांमध्ये दोष असेल तर त्यांच्या सर्व मुली तो वाहतात, मुलगे मात्र मोकळे राहतात. आई दोष वाहणारी आणि वडीलही दोष असलेले, असे असेल तर मुलींनाही त्रास होऊ शकतो. म्हणून नात्यात लग्न जुळवताना अशी माहिती मोकळेपणाने सांगावी व रक्त तपासून घ्यावे. ती लपवून लग्न जुळविण्यापेक्षा सांगून जुळविणे केव्हाही चांगले. कमतरता आहे म्हणून लग्न मोडण्याची मात्र मुळीच गरज नाही.

शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की हा दोष जगात इतका पसरला, कारण मलेरियाच्या प्रदेशांत त्याने माणसांना काही अंशी वाचविले. ज्याच्या पेशीत हा विकर कमी, त्याच्यात मलेरियाच्या जंतूला नीट वाढता येत नाही. आपल्या पूर्वजांना ज्याने तारले तेच आज आपल्याला चुकीच्या गोळीमुळे मारू शकते. तेव्हा ज्याला आपण कलंक म्हणतो तो एका जुन्या लढाईचा वण आहे. वण असलेल्या माणसाची आपण हेटाळणी करीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, रक्ताच्या विकारांवर संशोधन करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था याच परळमध्ये, केईएमच्या आवारात आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे सूक्ष्मदर्शकासमोर बसावे, हा विचार मला अशक्य वाटत नाही. त्यासाठी डॉक्टरच व्हायला हवे असे नाही. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हेही मानाचे काम आहे, आणि परीक्षानळी वरपासून खालपर्यंत तांबडी राहिली हे प्रथम त्यालाच दिसते. तोवर तुम्हांला एवढेच सांगतो की लघवीचा रंग बदलला तर घरी सांगा. ज्याला सांगायचे त्याला लाज वाटेल, तुम्हांलाही वाटेल, तरी सांगा. आणि पालकांनो, मुलाने सांगितले तर त्याला गप्प करू नका, बाटली घ्या आणि उजेडात पाहा.